लोझान, २६ जून १९५४ : ऑस्ट्रिया ७, स्वित्झर्लंड ५

रानवारा
फुटबॉल विश्वचषकाच्या मुख्य स्पर्धेत एका सामन्यात सर्वाधिक गोल होण्याचा विक्रम सत्तर वर्षे उलटून गेली तरी मोडलेला नाही. २६ जून १९५४ रोजी लोझान शहरातील पोंतेज मैदानावर उपांत्यपूर्व फेरीत यजमान स्वित्झर्लंड आणि शेजारचा ऑस्ट्रिया यांची गाठ पडली आणि ऑस्ट्रियाने तो सामना ७-५ असा जिंकला. त्याआधी १९३८ साली ब्राझील आणि पोलंड यांच्या ६-५ अशा सामन्यात अकरा गोल झाले होते, पण त्यासाठी जादा वेळ लागला होता. १९५४ च्याच स्पर्धेत हंगेरीने पश्चिम जर्मनीला ८-३ असे हरवले आणि १९८२ मध्ये हंगेरीनेच एल साल्वादोरचा १०-१ असा धुव्वा उडवला, तरी दोन्ही वेळा बेरीज अकराच भरली.

या सामन्याविषयी जिथे जिथे वाचायला मिळते, तिथे आक्रमक फुटबॉलचा उत्सव अशा सुरात त्याचे वर्णन असते. मला तो सूर पटत नाही आणि धागा काढण्याचे कारणही तेच आहे. त्या दिवशी तापमान ४० अंश सेल्सिअसच्या आसपास होते आणि जर्मन भाषेत हा सामना आजही 'लोझानची उष्णतेची लढाई' या अर्थाच्या नावानेच ओळखला जातो. ऑस्ट्रियाचा गोलरक्षक कुर्ट श्मीड याला सामन्यादरम्यान उष्माघात झाला. त्याला चेंडू कुठून येत आहे हे सांगण्यासाठी संघाचा मालिश करणारा साहाय्यक गोलच्या मागे जाऊन उभा राहिला होता. स्वित्झर्लंडचा कर्णधार रोजे बोके हा बचावफळीच्या मध्यभागी खेळत होता; त्याच्या डोक्यात ट्यूमर होता आणि डॉक्टरांचा सल्ला डावलून तो मैदानात उतरला होता. स्पर्धेनंतर त्याच्यावर शस्त्रक्रिया झाली. म्हणजे एका संघाचा गोलरक्षक आणि दुसऱ्या संघाच्या बचावाचा कणा, असे दोघेही आजारी होते आणि बदली खेळाडू उतरवण्याची सोय नियमात नव्हती. माझ्या मते त्या बारा गोलांचा उगम दोन्ही संघांच्या कर्तबगारीपेक्षा या नियमात अधिक आहे.

सामन्याचा क्रम थोडक्यात असा. १६ व्या मिनिटाला रोबेर बालामानने स्वित्झर्लंडचे खाते उघडले, १७ व्या आणि १९ व्या मिनिटाला योसेफ ह्यूगीने दोन गोल केले आणि यजमान ३-० असे पुढे गेले. तीस हजारांहून अधिक प्रेक्षकांना उपांत्य फेरी दिसू लागली असणार. पण २५ व्या मिनिटाला थिओडोर वाग्नर, २६ व्या मिनिटाला आल्फ्रेड क्योर्नर आणि २७ व्या मिनिटाला पुन्हा वाग्नर असे लागोपाठ तीन गोल झाले आणि बरोबरी झाली. ३२ व्या मिनिटाला कर्णधार एर्न्स्ट ओट्सविर्कने आणि ३४ व्या मिनिटाला क्योर्नरने गोल करून ऑस्ट्रियाला ५-३ अशी आघाडी मिळवून दिली. ३९ व्या मिनिटाला बालामानने ती एका गोलावर आणली आणि मध्यंतरापूर्वी ऑस्ट्रियाने एक पेनल्टी वायाही घालवली. उत्तरार्धात ५३ व्या मिनिटाला वाग्नरने आपला तिसरा गोल केला, थोड्याच वेळात ह्यूगीनेही आपला तिसरा गोल करून फरक पुन्हा एकवर आणला आणि अखेर ७६ व्या मिनिटाला एरिख प्रोब्स्टच्या गोलाने निकाल पक्का झाला. विश्वचषकात तीन गोलांची पिछाडी भरून काढून जिंकल्याचे दुसरे उदाहरण थेट १९६६ चे आहे. तेव्हा पोर्तुगालने उत्तर कोरियाला ५-३ असे हरवले होते.

दुपारचा चहा
लेख माहितीपूर्ण आहे, पण निष्कर्षाशी मी सहमत नाही. आपणच दिलेली मिनिटे घेऊन हिशेब मांडू या. बारापैकी नऊ गोल पूर्वार्धात झाले आणि तेही १६ व्या ते ३९ व्या मिनिटाच्या दरम्यान, म्हणजे सुमारे तेवीस मिनिटांत. त्यानंतरच्या पन्नासेक मिनिटांत केवळ तीन गोल झाले. उन्हाने खेळाडू गळून गेल्यामुळे गोल झाले असते, तर वेळ जाईल तसे ते वाढत गेले असते. इथे नेमके उलटे घडले आहे. पाय ताजे असताना गोलांचा सपाटा लागला आणि दमणूक झाल्यावर तो ओसरला. ज्या श्मीडला चेंडू दिसत नव्हता असे आपण म्हणता, त्याने उत्तरार्धातल्या पंचेचाळीस मिनिटांत एकच गोल स्वीकारला, हेही लक्षात घ्यावे लागेल.

दुसरे असे की त्या स्पर्धेत गोल होणे ही नवलाची गोष्ट नव्हती. २६ सामन्यांत १४० गोल झाले, म्हणजे सरासरी पाचाहून अधिक पडते, आणि आजवरच्या कोणत्याही विश्वचषकात ही सरासरी गाठली गेलेली नाही. हंगेरीने एकट्याने पाच सामन्यांत २७ गोल केले. उरुग्वेने स्कॉटलंडला ७-० असे हरवले, पश्चिम जर्मनीने तुर्कस्तानला ७-२ असे हरवले. तिथे कोणाला उष्माघात झाल्याचे ऐकिवात नाही. त्या काळी पाच खेळाडू आघाडीवर ठेवण्याचा प्रघात होता आणि बचावाचे तंत्र त्या मानाने कच्चे होते, एवढे कारण मला पुरेसे वाटते.

रानवारा
आपला हिशेब बिनचूक आहे आणि तो मांडल्याबद्दल आभार. परंतु त्यातून निघणारा अर्थ वेगळाही असू शकतो. कडक उन्हात खेळणाऱ्या संघाची आक्रमणाची ताकद आधी सरते, कारण साठ-सत्तर मीटर धावत पुढे जाणे हे मागे उभे राहून अडवण्यापेक्षा कितीतरी कष्टाचे काम आहे. उत्तरार्धात श्मीडने एकच गोल स्वीकारला यावरून तो सावरला होता असे सिद्ध होत नाही. समोरचे आघाडीवीर तिथपर्यंत फारसे पोहोचत नसावेत, असेही असू शकते.

सरासरीबद्दल म्हणाल तर या दोन संघांची त्याआधीची कामगिरी पाहावी. ऑस्ट्रियाने गटात स्कॉटलंडला १-० आणि चेकोस्लोव्हाकियाला ५-० असे हरवले होते, म्हणजे लोझानला येईपर्यंत त्यांच्या जाळ्यात एकही चेंडू गेलेला नव्हता. त्या संघाने चार मिनिटांत तीन गोल स्वीकारले. स्वित्झर्लंडने इटलीसारख्या संघाशी दोनदा आणि इंग्लंडशी एकदा खेळून तीन सामन्यांत मिळून चार गोल स्वीकारले होते. त्या संघाने दहा मिनिटांच्या आत पाच स्वीकारले. कच्च्या बचावाची सबब हंगेरीसमोर कोलमडलेल्या दक्षिण कोरियाला लागू पडेल. या दोघांना ती लागू पडत नाही.

मधली फळी
चर्चेत कार्ल रापान यांचे नाव अजून आलेले नाही याचे आश्चर्य वाटते, कारण त्यांच्याशिवाय हा सामना समजणे कठीण आहे. स्वित्झर्लंडचे प्रशिक्षक रापान हे मूळचे व्हिएन्नाचे, म्हणजे ऑस्ट्रियनच. तिथे खेळाडू म्हणून नाव कमावल्यावर ते जिनिव्हाच्या सर्व्हेत संघाकडे खेळाडू आणि प्रशिक्षक अशा दुहेरी भूमिकेत आले आणि पुढची कित्येक दशके स्विस फुटबॉलशी जोडले गेले. १९३८, १९५४ आणि १९६२ अशा तीन विश्वचषकांत त्यांनी स्विस संघाची धुरा सांभाळली.

त्यांनी बसवलेल्या पद्धतीला फ्रेंचमध्ये 'व्हेरू' म्हणत. स्विस खेळाडू शेजाऱ्यांच्या तुलनेत बहुतांशी हौशी होते आणि एकास एक गाठ पडली तर दमात व कौशल्यात कमी पडत, ही गोष्ट रापान यांनी मोकळेपणाने स्वीकारली होती. म्हणून त्यांनी प्रतिस्पर्ध्याला मधल्या पट्ट्यात जागा दिली, फळीतले खेळाडू मागे ओढले आणि बचावाच्या मागे एक मोकळा खेळाडू ठेवला. कोणी एक सहकारी चकला तर त्याची जागा भरून काढणे हे या शेवटच्या खेळाडूचे काम. पुढे इटलीत जी कुलूपबंद बचावपद्धत गाजली तिचे मूळ इथे आहे.

आता या पद्धतीची नाजूक बाजू पाहा. प्रत्येकाला एकेक खेळाडू वाटून दिलेल्या बचावात एकजण ढिला पडला तर एका बाजूला भगदाड पडते. रापान यांच्या पद्धतीत मात्र सगळे जण मधल्या जोडीच्या नजरेवर आणि हाकेवर विसंबून सरकत असतात. कोणी कधी पुढे व्हायचे आणि कोणी मागे थांबायचे हे तिथून ठरते. तिथल्याच माणसाचे भान हरपू लागले असेल, तर बाकीचे नऊ जण धडधाकट असूनही चुकीच्या जागी उभे राहतात. तीन मिनिटांत तीन गोल होणे हे अशा यंत्रणेच्या बिघाडाचे लक्षण मला वाटते. एकेकट्या खेळाडूच्या चुकांनी गोल झाले असते तर त्यांच्यात थोडे तरी अंतर राहिले असते. या मुद्द्यापुरता मी रानवारा यांच्या बाजूचा आहे.

झुरिचवासी
गेली काही वर्षे इकडे राहत असल्यामुळे स्थानिक बाजू थोडी मांडतो. या सामन्याची आठवण इथल्या फुटबॉलप्रेमींमध्ये अजून आहे, पण विक्रम म्हणून तिचा अभिमान बाळगणारे कमीच भेटतात. घरच्या मैदानावर तीन गोलांनी पुढे असताना हातचा गेलेला सामना, अशीच ती आठवण आहे.

वेळापत्रकाकडेही लक्ष वेधावेसे वाटते. त्या स्पर्धेची रचना मोठी विचित्र होती. प्रत्येक गटात दोन संघ मानांकित असत आणि मानांकित संघ आपसांत खेळतच नसत, त्यामुळे गटात प्रत्येकाच्या वाट्याला दोनच सामने येत आणि दुसऱ्या स्थानासाठी गुण समान झाले तर वेगळा निर्णायक सामना घ्यावा लागे. स्वित्झर्लंडने १७ जूनला लोझानमध्येच इटलीला २-१ असे हरवले, २० जूनला बर्नमध्ये इंग्लंडकडून ०-२ अशी हार पत्करली आणि २३ जूनला बासेलमध्ये इटलीशी पुन्हा निर्णायक सामना खेळून ४-१ असा विजय मिळवला. ऑस्ट्रियाचा गटातला शेवटचा सामना १९ जूनला झाला होता. म्हणजे एक संघ सात दिवसांच्या विश्रांतीनंतर उतरला आणि दुसरा तीन दिवसांच्या, तोही दहा दिवसांतला आपला चौथा सामना खेळायला. उष्णता दोघांना सारखी होती हे म्हणणे थर्मामीटरपुरते खरे आहे.

ह्यूगीविषयी एक वाक्य लिहिल्याशिवाय राहवत नाही. बासेलच्या या आघाडीवीराने त्या स्पर्धेत सहा गोल केले, त्यातले तीन या हरलेल्या सामन्यात. विश्वचषकात तीन गोल करूनही पराभूत संघात राहण्याची वेळ फार थोड्यांवर आली आहे. पोंतेज मैदान शहराच्या उत्तरेकडच्या उंच भागात अजून उभे आहे. तिथे ॲथलेटिक्सच्या स्पर्धा होतात, लोझानचा फुटबॉल संघ मात्र २०२० पासून नव्या मैदानावर खेळतो.

पेठकर
रानवारा यांच्या मूळ मांडणीत एक फट आहे, ती दाखवतो. बदली खेळाडूची सोय नव्हती हे खरे, पण आजारी गोलरक्षकाला गोलमध्येच उभे करा असे कोणत्याही नियमात लिहिलेले नव्हते. मैदानातल्या दुसऱ्या एखाद्या खेळाडूने गोलरक्षण करावे आणि श्मीडने बाहेर जाऊन सावलीत बसावे, ही वाट मोकळी होती. त्या काळी जखमी गोलरक्षकाच्या जागी बचावपटू किंवा आघाडीवीर उभा राहिल्याची उदाहरणे आहेत, आणि लंगडणाऱ्या खेळाडूला नावापुरते कडेला उभे करून ठेवण्याची पद्धत तर सर्रास होती. ऑस्ट्रियाने यातले काहीही केले नाही. तेव्हा ही नियमाची सक्ती नव्हती, प्रशिक्षकाची निवड होती. बोके तर डॉक्टर नको म्हणत असताना खेळला. त्याच्या बाबतीत सामना सुरू होण्यापूर्वीच दुसरा खेळाडू घेता आला असता. मग दोष नियमाला कसा देता येईल?

रानवारा
पेठकर यांचा आक्षेप या धाग्यातला सर्वांत वजनदार आहे, म्हणून सविस्तर उत्तर देतो.

श्मीडला बाहेर काढले असते तर ऑस्ट्रियाकडे दहा खेळाडू उरले असते आणि त्यांतला एक गोलमध्ये गेल्यावर मैदानात नऊ राहिले असते. समोर दहा स्विस खेळाडू, उरलेला सगळा वेळ आणि तसेच ऊन. उन्हात एका खेळाडूची उणीव नेहमीपेक्षा जास्त महाग पडते, कारण त्याच्या वाटचे धावणे इतर सगळ्यांच्या अंगावर येते. याउलट श्मीडला ठेवले तर निदान गोलची चौकट ओळखणारा, सवयीने हात उचलणारा एक माणूस तिथे राहतो आणि बाकीचे दहा पूर्ण संख्येने आक्रमण करू शकतात. सात गोल करून पाच स्वीकारणे हे याच हिशेबाचे फळ आहे, असे मला वाटते. ऑस्ट्रियाचे प्रशिक्षक वाल्टर नाउश यांनी निवड केली हे मान्य. पण दोन्ही पर्याय वाईट असतील अशी व्यवस्था नियमानेच केली होती. १९५६ साली इंग्लंडच्या एफए चषकाच्या अंतिम सामन्यात मँचेस्टर सिटीचा गोलरक्षक बर्ट ट्राउटमान मानेचे हाड मोडलेल्या अवस्थेत शेवटपर्यंत खेळला, त्यामागेही हेच गणित होते. त्याच्या धैर्याची कथा आजही सांगितली जाते आणि ज्या नियमामुळे त्याला ते धैर्य दाखवावे लागले तो मात्र चर्चेत येत नाही.

बोकेच्या बाबतीत आपला मुद्दा अर्धा मान्य आहे. त्याला संघात घेणे हा निर्णय होता आणि तो वैद्यकीय सल्ल्याविरुद्ध होता. पण कोणताही कर्णधार घरच्या विश्वचषकातला बाद फेरीचा सामना आपणहून सोडणार नाही, हे प्रशिक्षक आणि संघटना दोघांनाही ठाऊक असते. विसाव्या मिनिटाला चूक लक्षात आली तरी ती दुरुस्त करण्याचा मार्ग नसेल, तर त्या निर्णयाची किंमत अख्खा सामना मोजावी लागते. आज असा कर्णधार उतरला तर अर्ध्या तासात त्याला परत बोलावता येते आणि त्यात कोणाला कमीपणाही वाटत नाही.

अनामिक वाचक
बदली खेळाडूंच्या नियमाचा इतिहास थोडा जोडतो, कारण तो इथे उपयोगी पडेल. विशेष म्हणजे १९५४ च्याच विश्वचषकाच्या पात्रता फेरीत बदली खेळाडू उतरला होता. ११ ऑक्टोबर १९५३ रोजी पश्चिम जर्मनी आणि सारलँड यांच्यातल्या सामन्यात होर्स्ट एकेलच्या जागी रिचर्ड गॉटिंगर आला. (सारलँड तेव्हा जर्मनीपासून वेगळे होते आणि त्यांचा स्वतंत्र संघ होता, त्यामुळे तोही एका अर्थाने शेजाऱ्यांचाच सामना.) म्हणजे ही कल्पना कोणाला सुचलेली नव्हती असे अजिबात नाही. पात्रता फेरीत जे चालले ते आठ महिन्यांनी मुख्य स्पर्धेत चालू दिले गेले नाही.

त्यानंतरही मुख्य स्पर्धेला बराच काळ लागला. १९५८ च्या उपांत्य सामन्यात ब्राझीलविरुद्ध फ्रान्सचा कर्णधार रोबेर जोंके याचा पाय मोडला आणि फ्रान्सला उरलेला सामना जवळजवळ दहा खेळाडूंनिशी खेळावा लागला. तो त्यांनी ५-२ असा गमावला. विश्वचषकाच्या मुख्य स्पर्धेत पहिला बदली खेळाडू उतरला तो १९७० साली मेक्सिकोत, उद्घाटनाच्या सामन्यात, सोव्हिएत संघाचा अनातोली पुझाच. लोझाननंतर सोळा वर्षांनी. उन्हामुळे पाणी पिण्यासाठी सामना थांबवण्याची अधिकृत तरतूद तर २०१४ च्या ब्राझीलमधल्या स्पर्धेत प्रत्यक्ष वापरात आली.

दुपारचा चहा
सोळा वर्षे लागली याचा अर्थ त्या काळच्या लोकांना माणुसकी नव्हती असा घेऊ नये. अकरा विरुद्ध अकरा, जे सुरू करतील तेच संपवतील, ही त्यांची न्यायाची कल्पना होती. बदली खेळाडू आला की ताज्या दमाचा माणूस खोट्या दुखापतीच्या निमित्ताने घुसवला जाईल अशी भीती होती, आणि आजचे शेवटच्या मिनिटांतले वेळकाढू बदल पाहिले तर ती भीती अगदीच निराधार होती असे म्हणवत नाही.

माझा मूळ मुद्दा मात्र मी सोडलेला नाही. रानवारा यांच्या मांडणीत वाग्नर, ह्यूगी, ओट्सविर्क हे सगळे जणू आजाऱ्यांच्या फटीतून आत शिरलेले भाग्यवान लोक ठरतात. ओट्सविर्क हा त्या काळातल्या युरोपातल्या सर्वोत्तम मध्यरक्षकांपैकी एक होता; दोन वर्षांनी तो इटलीत सांपदोरियाकडे गेला. प्रोब्स्टनेही त्या स्पर्धेत ह्यूगीइतकेच सहा गोल केले. इतक्या तोलामोलाचे आघाडीवीर समोरासमोर असताना पाच-सहा गोल सहज झाले असते. आजारपणाने त्यात भर घातली, एवढे मी मानीन.

मधली फळी
दोन शेजाऱ्यांचा सामना म्हणून त्याकडे पाहणे राहून गेले आहे, म्हणून तो धागा उचलतो. १९३८ च्या मार्चमध्ये जर्मनीने ऑस्ट्रिया गिळंकृत केल्यावर त्यांचा विश्वचषकातला प्रवेश रद्द झाला आणि काही ऑस्ट्रियन खेळाडूंना जर्मन संघात सामील करून घेतले गेले. त्या मिश्र संघाला पॅरिसमध्ये पहिल्याच फेरीत कोणी हरवले? स्वित्झर्लंडने. पहिला सामना १-१ असा बरोबरीत सुटला आणि पाच दिवसांनी झालेल्या फेरसामन्यात दोन गोलांनी मागे पडूनही स्वित्झर्लंडने ४-२ असा विजय मिळवला. त्यांचे प्रशिक्षक रापानच होते.

दुसरीकडे नाउश यांची कथा आहे. १९३० च्या दशकातल्या ऑस्ट्रियाच्या गाजलेल्या संघाचे ते खेळाडू. त्यांची पत्नी ज्यू होती. नाझी राजवट आल्यावर तिच्यापासून वेगळे होण्याऐवजी त्यांनी देश सोडला आणि आसरा घेतला तो स्वित्झर्लंडमध्ये. म्हणजे लोझानला एका बाजूच्या बाकावर स्विस फुटबॉल घडवणारा व्हिएन्नाचा माणूस बसला होता आणि दुसऱ्या बाजूला, संकटकाळी स्वित्झर्लंडने ज्याला थारा दिला असा दुसरा व्हिएन्नाचा माणूस. दोघांना एकमेकांची फुटबॉलची भाषा पाठ होती. स्वित्झर्लंड युद्धातून अलिप्त राहिल्यामुळे त्याची मैदाने आणि शहरे शाबूत होती, म्हणून तर स्पर्धा तिथे भरली. ऑस्ट्रियात त्या वेळी चार विजेत्या राष्ट्रांच्या फौजा होत्या आणि व्हिएन्ना शहर त्यांच्यात वाटलेले होते. देश स्वतंत्र झाला तो १९५५ च्या करारानंतर. आपले स्वतःचे सरकारही पूर्ण अधिकाराचे नसलेल्या देशाला त्या संघाचे काय वाटत असेल, याची कल्पना करता येते. श्मीड जागचा हलला नाही यात नियमाइतकाच याचाही वाटा असेल का, हा प्रश्न मला पडतो.

पेठकर
मधली फळी यांचा प्रतिसाद आवडला, पण शेवटच्या प्रश्नाबाबत सावधपणा बाळगावा असे वाटते. उष्माघात झालेला माणूस राष्ट्राचा विचार करून उभा राहत नाही; त्याला आपण कुठे आहोत हेच नीट कळत नसते. त्याला तिथून हलवण्याची जबाबदारी शुद्धीवर असलेल्या इतरांची असते. राष्ट्रप्रेमाचा मुद्दा लावायचाच असेल तर तो बाकावर बसलेल्यांना लावावा.

माझा एक साधा प्रश्न आहे. पुढच्या सामन्यात ऑस्ट्रियाने काय केले? चार दिवसांनी उपांत्य सामना होता ना?

रानवारा
होय, ३० जूनला बासेलमध्ये, तोही दुसऱ्या शेजाऱ्याशी, पश्चिम जर्मनीशी. श्मीडच्या जागी अनुभवी वाल्टर झेमान गोलमध्ये आला. पूर्वी त्याचा मोठा दबदबा होता, पण त्या सुमारास त्याचा खेळ उतरणीला लागला होता आणि त्या दिवशी तो अगदीच फिका पडला. मध्यंतराला जर्मनी फक्त १-० असे पुढे होते. उत्तरार्धात गोलांची रांग लागली आणि ऑस्ट्रिया ६-१ असा हरला. लोझानला खर्ची पडलेली ताकद चार दिवसांत भरून आली नाही, असे मला वाटते. दुपारचा चहा कदाचित म्हणतील की कर्णधार फ्रिट्झ वाल्टरचा जर्मन संघच सरस होता, आणि तेही नाकारता येणार नाही, कारण त्याच संघाने पुढे अंतिम सामन्यात हंगेरीला ३-२ असे हरवले. ऑस्ट्रियाने ३ जुलैला झुरिचमध्ये आधीच्या विजेत्या उरुग्वेला ३-१ असे हरवून तिसरे स्थान मिळवले. विश्वचषकातली त्यांची ती आजवरची सर्वोत्तम कामगिरी आहे.

दुपारचा चहा
ते तर मी म्हणणारच होतो. मात्र झेमानबाबत एक विचारतो: श्मीड आजारी पडला म्हणून झेमान आला आणि झेमान फिका पडला म्हणून उपांत्य सामना गेला, असे म्हणायचे असेल तर लोझानच्या उन्हाचा हिशेब बारा गोलांवर थांबत नाही, अठरावर जातो. इतका लांबचा हिशेब आपण स्वतः मान्य कराल का?

रानवारा
नाही, तितका लांब मी जाणार नाही. सहापैकी दोन गोल पेनल्टीवर झाले, ते दोन्ही फ्रिट्झ वाल्टरने केले, आणि त्यांचा लोझानच्या उन्हाशी काही संबंध लावता येत नाही. उरलेल्या चारांबद्दल वाद घालायला मात्र माझी तयारी आहे.